गिटार घेताना: कान, बोटं आणि सहा इंची पट्टी

एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम छेडायच्या ठरावीक सुरांचा गट) काही केल्या वाजत नाही, म्हणून गिटार कोपऱ्यात उभी राहते आणि दोष बोटांच्या माथी जातो. पुष्कळदा तो नटचा असतो. नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, वरच्या टोकाला जी अरुंद पांढरी पट्टी असते तो नट. त्याच्या खाचा कारखान्यात उथळ राहिल्या की पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तार दाबायला नको इतका जोर लागतो. कारागीर हे काम अर्ध्या तासात करून देतो, पण दुकानात कोणी ते बघत नाही. तिथे बघितला जातो रंग, ब्रँड आणि कटअवे, म्हणजे नेकजवळ बॉडीला दिलेला काप. नेक सरळ, नट नीट, फ्रेट एका पातळीत आणि तारांची उंची बेताची असली की साधी गिटारही रोज हातात घ्यावीशी वाटते. हे चार धड नसतील तर महागडी गिटारसुद्धा भिंतीवरची शोभा होऊन बसते.

दुकानात जाताना खिशात अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची सहा इंची पट्टी, क्लिप-ऑन ट्यूनर, स्वतःचं पिक (तारा छेडायची चकती) आणि झेरॉक्सचा एक कोरा कागद ठेवा. टॉर्च मोबाइलवर आहेच. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे त्याची दुहेरी घडी झाली ०.२ मिमी. एवढं माप पुरतं. अगदी फिलर गेजच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) हवा असेल तर तो टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तोच.

अकूस्टिक की इलेक्ट्रिक

"आधी अकूस्टिक शीक, मग इलेक्ट्रिक" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. त्यात फारसा अर्थ नाही. अकूस्टिकवर बाराचा सेट, म्हणजे ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या तारा लावल्या तर सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या पुढे जातो. इलेक्ट्रिकवरच्या नऊच्या सेटचा ताण चाळीस किलोच्या आत असतो. बोटांना सोपी इलेक्ट्रिकच. गाण्याला साथ करायची असेल, सहलीला न्यायची असेल, वायरींचा कंटाळा असेल तर अकूस्टिक घ्या. फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतरच वेळ मिळत असेल आणि कानात सोलो घुमत असतील तर इलेक्ट्रिक आणि हेडफोन. आपण कोणतं संगीत ऐकतो, यावरून ठरवलेलं बरं.

तिसरा पर्याय नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारचा. तिचा नट ५२ मिमी रुंद असतो, स्टीलच्या तारांच्या गिटारचा ४३ ते ४४.५ मिमी. तारा मऊ, पण लहान हाताला नेक रुंद पडते. तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. टॉपखालच्या, म्हणजे पुढच्या फळीखालच्या, पट्ट्या त्या ताणासाठी नसतात आणि नेकमध्ये बहुधा ट्रस रॉडही (नेकचा वाक सुधारणारी आतली सळई) नसतो. थोड्याच दिवसांत ब्रिज (बॉडीवर तारा अडकवलेला तुकडा) उखडतो किंवा नेक वाकते.

माळ्यावरून काकांची जुनी गिटार निघाली आणि तिच्या तारा बोटभर उंच दिसल्या, तर ती बिघडलीच असेल असं नाही. आपल्याकडे एके काळी हवाईयन गिटार फार वाजवली जायची: मांडीवर आडवी ठेवून, तारांवर स्टीलचा बार सरकवत. त्यासाठी नट मुद्दाम उंच बसवलेला असतो. तो बदलून ती नेहमीसारखी वाजवता येते, फक्त नेक सरळ आहे का ते आधी बघा.

आकार आणि तारेची लांबी

दुकानात सर्वांत जास्त दिसतो तो ड्रेडनॉट आकार. मार्टिन कंपनीने तो १९१६ साली डिटसन या विक्रेत्यासाठी बनवला, ब्रिटिश युद्धनौकेचं नाव त्याला दिलं आणि १९३१पासून स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. आवाज मोठा, खर्ज भरपूर. पण खालची रुंदी जवळपास ४० सेंमी आणि बॉडी खोल, त्यामुळे बुटक्या माणसाचा उजवा खांदा उचलला जातो आणि तासाभरात पाठ बोलू लागते. घरात बसून बोटांनी वाजवायचं असेल तर कॉन्सर्ट किंवा ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) आकार घ्या. त्याची कंबर बारीक असल्याने तो मांडीवर स्थिर बसतो आणि तारांचे आवाज एकमेकांत कमी मिसळतात.

नट ते सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) या अंतराला स्केल म्हणतात. स्केल जितकी लहान तितका ताण कमी आणि फ्रेट जवळजवळ. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर-टेलिकास्टरची स्केल ६४८ मिमी, गिब्सनच्या लेस पॉलची साधारण ६२८. आपल्याकडे पहिली गिटार म्हणून खूप घेतली जाणारी यामाहा एफ३१० ६३४ मिमीची आहे, त्याच कंपनीची एफजी८०० ६५० मिमीची. लहान हाताला हा दीड सेंटिमीटर चांगलाच जाणवतो.

लाकूड: कशाचे पैसे द्यावेत

अकूस्टिकमध्ये आवाज घडवतो तो टॉप, म्हणजे पुढची फळी. ती अखंड लाकडाची आहे की प्लायची, हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या भोकाच्या, कडेवर टॉर्च मारा. वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरताना दिसल्या तर फळी अखंड. मध्ये आडवा थर किंवा वेगळ्या रंगाची रेघ दिसली तर प्लाय. कड काळ्या रंगाने रंगवलेली असेल तर शंका घ्यायला जागा आहे. एफजी८००चा टॉप अखंड स्प्रूसचा आहे, एफ३१०चा प्लायचा. किमतीतला फरक मुख्यतः त्याचाच.

म्हणून प्लाय टाकाऊ ठरत नाही. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात एसीशिवाय राहत असाल तर प्लायचा टॉप पावसाळा निमूट सोसतो. अखंड टॉप आवाजात उजवा, पण त्याची काळजी वाहावी लागते.

मागच्या आणि बाजूच्या फळ्यांचा परिणाम त्यामानाने कमी. 'इंडियन रोजवुड' म्हणून जगभर मिरवतं ते आपलं सह्याद्रीतलंही शिसवी लाकूड. ब्राझीलच्या लाकडाचा पुरवठा आटला तेव्हा, १९६९च्या अखेरीस, मार्टिनने नेहमीच्या मॉडेलांसाठी तेच धरलं. शिसवाच्या सगळ्या कुळावर २०१७ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली आणि शिसवी फ्रेटबोर्डच्या गिटारींनाही कागदपत्रं लागू लागली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ही सूट ब्राझिलियन रोजवुडला नाही, हे परदेशात जुनी गिटार घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

सॉलिड बॉडीच्या इलेक्ट्रिकमध्ये लाकडाच्या नावावर जादा पैसे देऊ नका. तिथे आवाज ठरतो पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग), त्यांची उंची, तारा आणि अ‍ॅम्प यांनी. बॉडीच्या लाकडावर वाद घालणारे रात्र काढतात. घालोत बापडे. आपण वजन बघावं: चार किलोच्या पुढची गिटार उभ्याने तासभर वाजवली की खांदा सांगतो.

तपासणी

आधी गिटार सुरात लावा. ढिल्या तारांवर नेकची कुठलीच तपासणी खरी ठरत नाही. ट्यूनरवर जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई.

नेकपासून सुरुवात. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने दाबा, आणि जिथे नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर उजव्या हाताने. ताणलेली तार आता सरळ पट्टीचं काम करते. सातव्या फ्रेटच्या आसपास तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. कागदाची दुहेरी घडी जेमतेम सरकली तर उत्तम, ०.१ ते ०.२५ मिमी चालतं. फटच नसेल तर नेक सपाट किंवा मागे वाकलेली. व्हिजिटिंग कार्ड सहज आत गेलं तर पुढे जास्त झुकलेली. दोन्ही दोष ट्रस रॉडने सुटू शकतात, पण रॉड अजून फिरतो का हे दुकानदाराला फिरवून दाखवायला सांगा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. घट्ट केला की पुढचा झोक कमी होतो, सैल केला की वाढतो. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर ती गिटार सोडा.

आता नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. केसभर फट हवी. वरून टिचकी मारली की बारीक टिक् ऐकू यावी. तार फ्रेटवर टेकलेलीच असेल तर खाच जास्त खोल गेली आहे, मोकळी तार घरघरेल आणि नट बदलावा लागेल. फट डोळ्यात भरण्याइतकी असेल तर खाच उथळ. अशा गिटारवर एफ कॉर्ड तर जड जातेच, शिवाय पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढे लागतात, कारण तार खाली दाबताना ताणली जाते. मोकळ्या तारा सुरात आणि सी कॉर्ड बेसूर, याचं एक नेहमीचं कारण हे.

मग तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन. पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. अकूस्टिकवर जाड ई तारेखाली २.४ ते २.८ मिमी आणि बारीक ई तारेखाली १.८ ते २ मिमी असावं. इलेक्ट्रिकवर अनुक्रमे २ आणि १.५ मिमीच्या आसपास. क्लासिकलवर ४ आणि ३ चालतं. अकूस्टिकवर ३.५ मिमी दिसले तर लगेच नाकारू नका, सॅडलकडे बघा. सॅडलचा हाडाचा किंवा प्लॅस्टिकचा भाग ब्रिजच्या वर तीन-चार मिमी असेल तर तो तळाशी घासून अ‍ॅक्शन उतरवता येते. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडल एक मिमी घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. सॅडल आधीच एक मिमी उरलेलं आणि तारा तरी उंच, म्हणजे नेकचा कोन ढळला आहे. तो सुधारायला नेक काढून पुन्हा बसवावी लागते आणि तो खर्च साध्या गिटारच्या किमतीला भारी पडतो.

यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. कंटाळवाणं आहे, पण सहा तारा आणि वीस फ्रेट पाच-सात मिनिटांत होतात. तानपुऱ्याला जवारी लागते, गिटारला नको. घरघर कुठे होते यावरून कारण कळतं. फक्त मोकळ्या तारेवर: नट खोल. पहिल्या पाच फ्रेटांवर: नेक मागे वाकलेली. बाराव्याच्या पुढे: बॉडीच्या जोडाजवळ उंचवटा किंवा अ‍ॅक्शन फारच खाली. एकाच फ्रेटवर: पुढचा फ्रेट वर उचललेला, तो दाबून किंवा घासून बसतो. काहीच लागू पडत नसेल तर ट्यूनिंग कीचा पान्याने आवळायचा नट, पिकगार्डचा स्क्रू, आतली सुटी वायर हलवून बघा. बऱ्याच 'घरघरी' तारेच्या नसतातच.

शेवटी सुराची तपासणी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तोच फ्रेट दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्हींत तीन-चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक चालतो. दहा सेंट कानाला टोचतात. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायला हवं. इलेक्ट्रिकवर स्क्रू फिरवून ते दोन मिनिटांत होतं, अकूस्टिकवर सॅडलचा माथा घासून थोडंच साधतं. गंजलेल्या तारांवर ही तपासणी करू नका. तार एकसारख्या जाडीची राहिली नसेल तर चांगली गिटारही नापास होते.

अकूस्टिकच्या ब्रिजमागे कागदाची कड सरकवून बघा. ती आत शिरली तर ब्रिज सुटायला लागला आहे. ब्रिजमागे टॉपला हलका फुगवटा असणं मात्र नैसर्गिक. ताण तिथेच येतो.

स्वस्त अकूस्टिकमधल्या पिकअपचा मोह टाळा. आवाज पत्र्यासारखा येतो, आणि जॅक लावलेला राहिला की नऊ व्होल्टची बॅटरी संपत राहते. तेच पैसे टॉपवर घाला.

इलेक्ट्रिकसाठी आणखी थोडं

आधी अ‍ॅम्पला न लावता वाजवा. सूर लवकर मरत असेल किंवा फ्रेट अडखळत असतील तर ते अ‍ॅम्पच्या गोंगाटात लपतं. मग वायर लावा, स्विच प्रत्येक जागी फिरवा, व्हॉल्यूम आणि टोन शून्यापासून दहापर्यंत सावकाश न्या. खरखर झाली तर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने ती बहुधा जाते. आवाज मध्येच तुटत असेल तर जॅक हलवून बघा. सैल जॅकचा नट हा इलेक्ट्रिकचा सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्त आजार.

सिंगल कॉइल पिकअप स्वच्छ, टोकदार वाजतो आणि गुणगुणतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती गुणगुण खर्जातली. हंबकरमध्ये उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल ती गुणगुण एकमेकींत मारतात. गिब्सनच्या गिटारींवर ते १९५७ पासून आले. आवाज जाड, डिस्टॉर्शनला सोयीचा. नक्की ठरत नसेल तर ब्रिजजवळ हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी रचना घ्या, यामाहा पॅसिफिका ११२ वर असते तशी.

तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे बरोबर. हात लावल्यावर ती वाढली तर आतली अर्थची वायर तपासायला द्या. आणि तारांना हात लावताच मुंग्या आल्या, झिणझिणलं, तर ताबडतोब प्लग काढा. जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असून आत अर्थिंग नसतं. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घेतल्याशिवाय तिथे अ‍ॅम्प लावायचा नाही. तिसरी पिन कापून टाकण्याचा 'उपाय' जिवावर बेततो.

पिकअप तारांच्या फार जवळ आणला की चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डुगडुगतो. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २ ते २.४ मिमी आणि बारीक तारेखाली १.६ ते २ मिमी अंतर ठेवा. पहिली गिटार स्थिर ब्रिजची घ्या. फ्लॉइड रोजसारख्या तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की बाकी पाच बेसूर होतात, आणि दर वेळी अॅलन की शोधावी लागते. घरासाठी हेडफोन जॅक असलेला दहा ते वीस वॉटचा अ‍ॅम्प भरपूर झाला.

आवाज ऐकायचा कसा

दोन गिटारींची तुलना करताना मित्राला वाजवायला सांगा आणि पाठ करून बसा. तेच पिक, तीच कॉर्ड, तोच जोर. मोठा वाजणारा आवाज मेंदूला चांगला वाटतो, तेव्हा इलेक्ट्रिक ऐकताना आवाजाची पातळी सारखी करा. एक कॉर्ड सावकाश छेडून ती विरेपर्यंत ऐका: सगळ्या तारा बरोबरीने विरतात की खर्ज बाकीच्यांना गिळतो? मग हलक्या हाताने वाजवा. चांगला टॉप हलक्या स्पर्शालाही बोलतो, सुस्त टॉपला झोडावं लागतं. स्प्रूस जोरात वाजवला तरी पसरत नाही. सीडर बोटांना पटकन उबदार उत्तर देतो, पण जोर केला की लवकर दमतो.

दुकानातल्या तारा अनेकदा सहा महिन्यांच्या आणि मेलेल्या असतात, हे लक्षात घेऊनच निकाल द्या. उजवा हात ब्रिजजवळून साउंडहोलवर नेला की पडणारा फरक दोन लाकडांतल्या फरकाहून मोठा असतो. ०.७३ मिमीच्या पिकऐवजी १ मिमीचं घेतलं तरी स्ट्रमिंगची खसखस कमी होऊन खर्ज पुढे येतो. नवी गिटार घ्यायची हुक्की आली की आधी हे दोन बदल आणि तारांचा नवा सेट करून बघावा.

पावसाळा आणि मे महिना

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत मुंबई-रत्नागिरीत ती ८० च्या वर असते. टॉप फुगतो, ब्रिज उचलला जातो, अ‍ॅक्शन वाढते. गिटार केसमध्ये ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, खड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरा. पावसाळ्यात वाढलेली अ‍ॅक्शन बघून सॅडल घासायला देऊ नका, ऑक्टोबरनंतर तारा खाली येऊन घरघरतील. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उलट होतं: लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन बोटं ओरबाडतात, अखंड टॉपला चीर जाते. कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवू नका. केसमध्ये, छिद्रं पाडलेल्या साबणदाणीत ओलसर, पाणी न गळणारा स्पंज ठेवला तरी काम भागतं. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती कधीच सोडायची नाही, आतल्या तापमानाला ब्रिजचा सरस मऊ पडतो.

वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने वरून आणि खालून पुसा. घामट हातांच्या माणसाने कोटेड तारा घ्याव्यात. बदलताना एकेक तार काढून लावली तर नेकचा ताण एकदम सुटत नाही. जाड तारेला किल्लीच्या खांबावर दोन वेढे आणि बारीक तारेला तीन-चार पुरतात. लावल्यावर बाराव्या फ्रेटपाशी हलकेच ओढून पुन्हा सुरात आणा, हे तीन-चार वेळा केलं की ती स्थिरावते. ट्यून करताना नटमधून टक् असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत शिसपेन्सिल फिरवा.